खंदकातला जोहार

परवा रविवारी विहारात बैठक होती. आमची माझगावातलीच दहाबारा पोरं. विषय बावीस प्रतिज्ञांचा. एक मित्र, बी.ए. झालेला, चांगला वाचणारा, मध्येच म्हणाला, "प्रतिज्ञा ठीक आहेत रे. पण डोक्यावर तोफगोळे पडायला लागले की भलेभले नास्तिक देवाला हाक मारतात. मिल्ट्रीतल्या कुणालाही विचार."

पोरं हसली. दोघातिघांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा राग आला. पण तिथं नीट बोलता आलं नाही. मी सातवीत शाळा सुटलेला. आज्याचा जन्म इथल्या गिरणीत गेला, त्या गिरण्या मोडल्या, मी भिवंडीला साच्यावर उभा राहतो. माझं डोकं रात्रपाळीला चालतं. म्हणून आता लिहितो.

दोस्तहो, हे वाक्य आपल्या मित्राचं नाही. इंग्रजीत त्याची म्हण झालीय, की खंदकात नास्तिक नसतो. १९४२ साली फिलिपाईन्समधल्या बातानच्या लढाईत एका पाद्र्यानं ते म्हटलं असं सांगतात. पाद्र्यानं! दारूच्या गुत्तेवाल्यानं म्हणावं की दुःखात सगळेच पितात, त्यातलाच हा प्रकार. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. त्याच युद्धात अमेरिकन सैन्यानं आपल्या शिपायांना प्रश्न विचारून उत्तरं गोळा केली, १९४९ साली ती पुस्तकात आली. ज्यांनी जास्त भीती सोसली त्यांच्यात प्रार्थनेचा आधार वाटला म्हणणारेही जास्त निघाले. असतील. बुडत्याला काडीचा आधार वाटतो. म्हणून काडीला होडी म्हणायचं का?

आपल्या आज्यापणज्याकडं बघा. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना तो कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. का? पाटील त्याला खरंच आईबाप वाटत होता म्हणून? नाही म्हटलं तर पाठ फुटली असती, खोपट पेटलं असतं, म्हणून. जिवाच्या भीतीनं तोंडातून निघालेला शब्द हाच जर माणसाच्या मनातला खरा शब्द, तर तो जोहारही खरा धरा. पाटील मायबाप होता हेही मग कबूल करा. करता? नाही ना? मग खंदकातल्या जोहारालाच एवढा मान कशासाठी? देवाच्या वकिलांना साक्षीदार भेटतो तो नेमका थरथर कापणाराच कसा?

आणि सगळे कापतातच असंही नाही. भगतसिंगाला तुरुंगात कुणी म्हणालं होतं, शेवटचे दिवस आले की तूही देवाला मानायला लागशील. फाशी समोर दिसत असताना, १९३० साली, त्यानं आपण नास्तिक का आहोत ते लिहून काढलं. २३ मार्च १९३१ला फासावर गेला. त्याचं नाव मान डोलावणाऱ्यांना आठवलं नाही.

मित्र म्हणाला मिल्ट्रीतल्याला विचार. विचारलं. माझा चुलता महार रेजिमेंटमधून रिटायर झालाय. आता एका टॉवरखाली वॉचमन आहे. कारगिलच्या साली, १९९९ला, तो सीमेवर होता. म्हटलं, "तात्या, वर गोळे पडत होते तवा देव आठवला का?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आरं, आई आठवली. शेजारचा पोरगा त्याच्या गावच्या देवीला हाका मारत व्हता. मीबी म्हणलो नमो बुद्धाय. चार येळा म्हणलो."

"मग?"

"मग काय! गोळा पडायचा तिथंच पडला. त्या पोराचा हात धरून बसलो. खाली आल्यावर वरचं बोलणं वरच ऱ्हायलं."

देवी नाही आली, बुद्धही नाही आला. एकाच्या हाताला दुसऱ्याचा हात लागला. यात श्रद्धा कुठं जन्मली ते मला दाखवा.

याच रेजिमेंटचं आणखी एक सांगतो. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात ती उभी राहिली. तिच्यासाठी बाबासाहेबांनी सरकारशी किती भांडण केलं ते आपल्याला ठाऊक आहे. राजपुताना रायफल्सची रणघोषणा राजा रामचंद्राची, डोग्रांची ज्वालामातेची, कुमाऊंची कालिकामातेची. महार रेजिमेंटची? 'बोलो हिंदुस्तान की जय'. बस्स. त्यात देव नाही, देवी नाही. मरायला निघालेल्या माणसांना देवावाचून ओरडता येतं, त्याचा हा ऐंशी वर्षांचा पुरावा आहे. मित्रा, बी.ए.ला हे नव्हतं वाटतं?

उलट मला तर दिसतं की शिपाई भीतीनं देवळात जातो त्याच्या आधीच त्याला तिथं रांगेनं नेलेलं असतं. फौजेत मंदिर परेड असते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री सरकारी पगारावर असतात. २०२१ साली एका ख्रिस्ती लेफ्टनंटला नोकरीतून काढलं. का, तर तो परेडला यायचा, पण देवळाच्या गाभाऱ्यात जायला नकार द्यायचा. २०२५ला दिल्ली हायकोर्टानं ते योग्य ठरवलं, सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही. म्हणजे गोळी सुटायच्या आधी हुकूम सुटतो. आणि मग म्हणायचं, बघा, खंदकात नास्तिक नसतो!

लांब कशाला जायचं. आपल्या माझगाव डॉकमध्ये युद्धनौका बनतात. पत्रा कापणारे, वेल्डिंग करून डोळे जाळून घेणारे आपल्याच वस्त्यांतले. आणि नौका पाण्यात सोडताना अथर्ववेदातल्या ऋचा म्हणायची रीत आहे. ज्या वेदाचा शब्द कानावर पडला तर शूद्राच्या कानात तापलेलं शिसं ओतावं असं त्यांच्या शास्त्रात लिहिलंय, तोच वेद! पोलाद आमचं, घाम आमचा, जय त्यांचा.

युद्धाचं मरण या भागानं एकदा दारात पाहिलंय. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा वाढदिवस, वेळ दुपारी चारनंतरची. इथून जवळ व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. गिरणीतल्या कुणालाही विचारा, कापूस कसा पेटतो आणि आतल्या आत कसा धुमसत राहतो. बोटीवर धोक्याचा माल असला की लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. शेकड्यांनी माणसं मेली. फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. दर १४ एप्रिलला त्यांना मानवंदना देतात; आपण त्या दिवशी डीजेपुढं नाचत असतो म्हणून आपल्याला दिसत नाही. मरताना त्यांनी कुणाचं नाव घेतलं कुणास ठाऊक. ज्यानं त्यानं आपापल्या देवाचं घेतलं असेल. पण ती माणसं बावट्यावाचून मेली. देवावाचून नव्हे.

आता माझं. लपवत नाही. दोन वर्षांमागं आमच्या शेडमध्ये रात्रपाळीला आग लागली. शटरला बाहेरून कुलूप. आत आम्ही अकराजण, सुताचा धूर, दिवे गेलेले. मी काय ओरडलो? "बाबासाहेब!" असा ओरडलो. शेजारचा तेलुगू साचेवाला त्याच्या देवाला ओरडत होता, बिहारी पोरगा अल्लाला. शटर उघडलं ते बाहेरून एका चहावाल्यानं लोखंडी गजानं कुलूप तोडलं म्हणून.

मी का ओरडलो त्यावर खूप विचार केला. बाबासाहेब येऊन शटर उचलतील असं वाटलं होतं का? सांगता येत नाही. लहानपणापासून तेच नाव घरात ऐकलं, तेच आलं असेल. पण यावरून कुणी म्हणेल की तुम्ही आंबेडकरांचा देव केलात, तर त्याला धुरातला मी कशाला हवा? त्यानं जयंतीच्या मांडवात यावं. तिथं चांगली शुद्धीत असलेली माणसं फोटोपुढं नवस बोलताना मी पाहिलीत. त्यांच्यावर कुठला तोफगोळा पडत होता?

बाबासाहेबांनी १९३५ला येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. धम्म घेतला १९५६ला. मध्ये एकवीस वर्षं. एकवीस वर्षं वाचलं, तपासलं, भांडले. भ्यालेला माणूस इतका थांबत नाही. समोर येईल ते पाय धरतो. त्या बावीस प्रतिज्ञा आपण घ्यायच्या आणि पहिल्या धमाक्याला रद्द समजायच्या?

आगीनंतर चार दिवसांनी मालकानं शेडमध्ये सत्यनारायण घातला. अकराही जणांना पुढं बसवलं. मी बसलो नाही, तर माझा एक खाडा लावला. १९४८च्या कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की आत माणसं असताना दाराला कुलूप घालायचं नाही. पूजेत ते कुणी वाचलं नाही. प्रसादाला केळी मात्र चांगली होती, बिहारी पोरानं माझ्या वाटणीची आणून दिली.

शटरला नवं कुलूप आलंय, आधीच्यापेक्षा मोठं. दुसरं दार अजून काढलेलं नाही. येत्या रविवारी विहारात मला हे कुलूप मांडायचंय. बी.ए.वाल्या मित्रानंही यावं. अर्ज इंग्रजीत लिहायचाय, तो त्याला चांगला जमतो.