कोरड्या कांतीस कोणते उटणे?

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले, कार्तिकी पौर्णिमेचे दिवे घाटांवरून मालवले, की काशीच्या हवेत पाहता पाहता फरक पडतो. पहाटे गंगेवर धुके उतरते, दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो आणि संध्याकाळी घरोघरी बोरसी पेटते. बोरसी म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी. येथील थंडीत तिच्याभोवतीच सारे घर गोळा होते. याच सुमारास भगिनींची एक नित्याची तक्रार कानी पडू लागते. तोंड धुतले की कातडी ओढल्यासारखी वाटते, नाकपुड्यांच्या कडेला व हनुवटीवर पांढरे पापुद्रे दिसतात, पावडर लावावी तर ती नेमकी त्यांच्यावरच अडकून बसते. मग ‘मळ साचला आहे’ असा निकाल देऊन फडताळावरचा उटण्याचा डबा खाली काढला जातो. आज या डब्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझी एक भाची रत्नागिरीची. शिक्षणासाठी ती काशीस आली तेव्हा आईने घरी केलेले उटणे तिच्याबरोबर दिले होते. मसूरडाळीचे पीठ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची वाळलेली साल आणि थोडी मुलतानी माती. कोकणात लहानपणापासून तिने तेच वापरले होते आणि त्याने तिला कधी बाधले नव्हते. काशीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा चेहरा फुटू लागला. आठवड्यातून एकदा लावावयाचे उटणे ती एक दिवसाआड लावू लागली. त्यानेही भागेना, तेव्हा मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने अक्रोडाच्या कवचाची पूड असलेली एक तयार डबी आणली आणि वर लिंबू पिळून ती चेहऱ्यावर चोळली. चार दिवसांनी माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही गाल लाल झाले होते आणि साध्या पाण्यानेही आग होत होती. लालसरपणा आठवडाभरात गेला. परंतु त्या जागी उठलेले काळपट डाग जावयास पाच महिने लागले. आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ त्वचेचा हा स्वभावच आहे. तिला इजा झाली, की ती भरून येताना तेथे रंग अधिक धरतो.

आता यात चूक कोठे झाली? पाककृती तीच होती, हात तोच होता. बदलली होती ती हवा. कोकणच्या दमट हवेत जे उटणे निर्धास्तपणे चालते, तेच गंगेच्या मैदानातील हिवाळ्यात नडते. येथे सकाळी एवढे धुके असते, मग हवा कोरडी कशी, असे कोणी विचारील. थंड हवेत मुळातच पाण्याची वाफ थोडी मावते. धुके डोळ्यांना दिसते खरे, परंतु तीच हवा खोलीत येऊन बोरसीने वा विजेच्या शेगडीने तापली, की तिला पाण्याची तहान लागते आणि ती तहान ती आपल्या अंगातून भागवते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकत असतात आणि वरच्या गळून पडत असतात. हा फेरा पुरा होण्यास साधारणपणे चार आठवडे लागतात. या मृत पेशी एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. गळण्याची वेळ आली, की त्वचेतीलच काही पाचक द्रव्ये हे टाके उसवतात. मात्र या द्रव्यांना काम करावयास पाणी लागते. त्वचेत पाणी कमी पडले, की टाके नीट उसवत नाहीत. पेशी एकएकट्या, नकळत गळण्याऐवजी पुंजक्यापुंजक्यांनी अडकून राहतात. आपल्याला जे पापुद्रे दिसतात ते हेच. तेव्हा कोरड्या चेहऱ्यावरील खवला हा मळ नव्हे, ती तहान आहे. त्याला खरवडून काढले तर खालचा, अजून तयार न झालेला थर उघडा पडतो, त्यातून पाणी आणखी वेगाने उडते आणि दोन दिवसांत पहिल्याहून अधिक खवले येतात. उटणे चोळताना हाताखाली ज्या काळसर वळ्या निघतात, त्या पाहून पुष्कळ जणींना समाधान वाटते. परंतु त्या वळ्यांत बव्हंशी पीठच असते. वळ्या किती निघाल्या यावर उटण्याची परीक्षा करू नये.

गंमत अशी, की कोरडे चोळणे व स्निग्ध चोळणे यांतील भेद आपल्या जुन्या वैद्यांनी स्पष्ट सांगून ठेवला आहे, आणि तोही काशीशी नाते सांगणाऱ्या ग्रंथात. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेला उपदेश म्हणून मांडलेला आहे. त्याच्या चिकित्सास्थानात दिनचर्येच्या संदर्भात उद्घर्षण व उत्सादन असे दोन निराळे शब्द येतात. तेल नसलेल्या चूर्णाने घासणे ते उद्घर्षण, आणि स्नेहयुक्त कल्काने चोळणे ते उत्सादन, असा त्यांचा अर्थ लावला जातो. वाग्भटानेही उद्वर्तनाचे गुण सांगताना ते कफ व मेद कमी करते असे म्हटले आहे. म्हणजे जिथे स्निग्धता अधिक आहे तिथे ते उपयोगी. जिची कातडी मुळातच रुक्ष आहे तिने कोरडे चूर्ण घासावे, असे यांतून मुळीच निघत नाही.

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत दोन उटणी शेजारी शेजारी नांदतात. एक आपले, दिवाळीचे, सुगंधी. दुसरे येथले, ज्याला इकडे बुकवा म्हणतात. पिवळी मोहरी, म्हणजे येथील सरसों, वाटून तो करतात आणि बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला चोळतात. शेजारणींच्या सहवासाने तो आपल्या घरांतही शिरला आहे. चेहऱ्याच्या दृष्टीने मात्र मोहरीविषयी सावध असावे. कच्ची मोहरी पाण्यात वाटली, की तिच्यातील एक पाचक द्रव्य जागे होते आणि नाकात झिणझिण्या आणणारे तिखट तेल मोकळे होते. तेच त्वचेला चावते. मोहरी आधी भाजली वा उकळली तर ते द्रव्य निकामी होते. जाणत्या बायका बुकव्यासाठी मोहरी भाजून घेतात त्यात हे शहाणपण आहे. मोहरीच्या तेलाचेही तसेच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या त्वचेचा वरचा थर मुद्दाम विस्कटून त्यावर निरनिराळी तेले लावून पाहिली होती. सूर्यफुलाच्या तेलाने तो थर लवकर सावरला, मोहरीच्या तेलाने सावरण्यास उलट उशीर लागला. उंदराची कातडी म्हणजे माणसाची नव्हे हे मान्य. तरीही आधीच फुटलेल्या चेहऱ्यावर मोहरीचा हट्ट धरू नये असे मला वाटते.

मग निवडावे काय? माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात: कण किती बारीक आहे आणि तो कशात भिजवला आहे. बाकीचा विचार मागाहून.

कणाची परीक्षा सोपी आहे. चिमूटभर पीठ मनगटाच्या आतल्या बाजूस, ओल्या बोटाने, हलकेच फिरवावे. वाळूसारखे खरखरले तर ते हातापायांना चालेल, तोंडाला नाही. गोला दीनानाथच्या बाजारातून जडीबुटी आणून घरी कुटणाऱ्या भगिनींनी पीठ चाळणीवर न थांबवता मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करून घ्यावे. नागरमोथा, वाळा यांचे तंतू कितीही कुटले तरी टोकदार राहतात. कोरड्या कातडीच्या उटण्यात ते नसले तर काही बिघडत नाही, सुगंध तेवढा कमी होईल. अक्रोडाचे कवच, जर्दाळूच्या बियांची पूड, साखर व मीठ हे चेहऱ्यावर अजिबात नकोत. कवचाचे तुकडे कितीही दळले तरी त्यांच्या कडा धारदारच निघतात. मुलतानी माती तेल शोषून घेते. तेलकट चेहऱ्यास ती उत्तम, आपल्याला शत्रूसमान. संत्र्याची साल व लिंबू यांनाही निरोप द्यावा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन डाग उठू शकतात, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

उरते ते मसुरीचे वा हरभऱ्याचे अगदी तलम पीठ, ओटचे पीठ, आणि सहाणेवर दुधात उगाळलेला बदाम. या शेवटच्याकडे माझा विशेष ओढा आहे. सहाणेइतके बारीक वाटप कोणत्याही यंत्राने घरी होत नाही, आणि बदामाचे तेल त्यातच असते. भिजवण्यासाठी पाणी वा गुलाबपाणी न घेता दूध, साय किंवा ताजे दही घ्यावे. थंडीत येथे चौकाचौकांतून केशरी मलइयो विकावयास बसतो, त्याचा मोह आवरून घरच्या दुधावरची चमचाभर साय बाजूस ठेवली तर चेहऱ्याचे काम भागते. दह्यात दुग्धाम्ल असते. ते अगदी सौम्य प्रमाणात असले तरी पेशींचे टाके सैल करण्यास मदत करते, म्हणजे घासण्याचे श्रम वाचतात.

एक चहाचा चमचा पीठ, दोन चमचे साय वा दूध. आधी चेहरा कोमट पाण्याने ओला करावा, कढत पाण्याने नव्हे. लेप बोटांच्या टोकांनी, गोल फिरवीत, फार तर एक मिनिट लावावा. हात एवढा हलका असावा की कातडी जागची सरकू नये. लेप वाळू देऊ नये; वाळलेला लेप उकलताना जे ओढले जाते ते आपलेच असते. मग धुऊन, मऊ फडक्याने टिपून, कातडी ओलसर आहे तोवरच सूर्यफुलाचे तेल, खोबरेल, ग्लिसरीनयुक्त मलम वा साधी पेट्रोलियम जेली, जे घरात असेल ते लावावे. (काशीच्या जानेवारीत खोबरेलाचा दगड होतो, बाटली कोमट पाण्यात धरावी.) हे पंधरवड्यातून एकदा पुरे. चेहरा मऊ राहू लागला तर आठ दिवसांतून एकदा. त्याहून अधिक वेळा कधीही नाही. उटणे लावले त्या दिवशी चेहऱ्यास साबण लावू नये.

बाजारातील तयार वस्तू वापरणाऱ्या भगिनींना एवढेच सांगावयाचे, की घासणाऱ्या डब्यांपेक्षा दुग्धाम्ल किंवा युरिया असलेले मलम कोरड्या कातडीस अधिक मानवते. दुग्धाम्ल काही नवे नाही. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून ते वेगळे काढले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने ग्लिसरीन शोधले होते, म्हणजे कोरड्या कातडीवर या एका माणसाचे केवढे उपकार! या जातीची आम्ले खवल्यांच्या विकारावर उपयोगी पडतात, हे व्हॅन स्कॉट व यू या दोघांनी १९७४ साली दाखवून दिले. वेष्टनावर दुग्धाम्लाचे प्रमाण शेकडा पाचांच्या आत आणि युरियाचे शेकडा दहाच्या आसपास असावे. अशा मलमाने त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा ते रात्री लावावे व दिवसा ऊन टाळावे. आम्ल आणि उटणे दोन्ही एकाच आठवड्यात नकोत. पूर्वी काही डब्यांत प्लॅस्टिकचे बारीक मणी असत. ते गटारातून नदीत जातात म्हणून अमेरिकेने २०१५ साली कायदा करून ते बंद केले. ज्यांची मोरी शेवटी गंगेला मिळते त्यांनी जुनी डबी असल्यास तीवरील नावे एकवार वाचावीत.

कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस लागोपाठ चार-पाच दिवस लावून पाहावी. घरचे आहे, सबब निर्धोक आहे, ही समजूत खरी नव्हे. जपानमध्ये गव्हाचा एक अंश घातलेल्या तोंड धुण्याच्या साबणाने दोन हजारांहून अधिक माणसांना गव्हाची ॲलर्जी जडली आणि २०११ साली तो साबण परत घ्यावा लागला. फाटक्या कातडीतून अन्न आत शिरले, की शरीर त्याला शत्रू समजू शकते. म्हणून इसब असलेल्या तान्ह्या मुलाला डाळीच्या पिठाने चोळू नये, आजीबाई कितीही रागावल्या तरी. चेहऱ्यावर भेगा, लस, पिकलेल्या पुटकुळ्या किंवा न जाणारी खाज असेल तर उटण्याचा विचारच सोडावा व त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात हा विभाग आहे.

आणि रंगाविषयी. उटण्याने जन्मजात वर्ण उजळत नाही. खवले गेले की प्रकाश सारखा परावर्तित होतो व चेहरा टवटवीत दिसतो, एवढेच. त्याहून अधिक सांगणाऱ्या डब्यावर पैसे दवडू नयेत.

त्या भाचीचे लग्न मागील मार्गशीर्षात येथेच झाले. हळदीच्या दिवशी वऱ्हाडातील वडीलधाऱ्या बायका हळद, पीठ व तेल कालवून सज्ज होत्या, आणि नवरीच्या तोंडाला खसखसून लावल्याशिवाय त्यांचे समाधान होणार नव्हते. तिने आधीच मला विचारून ठेवले होते. हातापायांना हवी तेवढी लावून घेतली. कपाळास व गालांस एकेक बोट, तेही सायीत कालवलेल्या हळदीचे. दोघी-तिघींनी नाके मुरडली. एक वृद्ध मावशी मात्र वाटीत बोट बुडवून, ते चाखून म्हणाल्या, “आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं, तर लग्नात तोंडावर पदर ओढून बसावं लागलं नसतं.”