देवाचे नाव आणि मताची याचना

नीरा-भीमेच्या संगमावरील श्रीक्षेत्र नरसिंहपूरचा नरसिंह हा अनेक मराठी घराण्यांचा कुलस्वामी. इंदापूर तालुक्यातील वक्त्याने त्याला वंदून भाषणास आरंभ केला, तर कोणी शहाणा त्यास दोष देणार नाही. शेजारी बारामतीत कण्हेरीच्या मारुतीपुढे नारळ फोडून प्रचार सुरू करण्याचा पवार घराण्याचा परिपाठ सर्वश्रुत आहे. अरबी राजकीय भाषण 'बिस्मिल्ला'ने सुरू होते, त्यातही पुष्कळदा एवढाच शिष्टाचार असतो. आमची तक्रार नमनाविषयी नाही. नमनानंतर जे येते त्याविषयी आहे.

प्रह्लादाची कथा सांगून प्रतिपक्षास हिरण्यकश्यपू ठरविले, की उजनीच्या पाण्याविषयी त्याने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्याचे कारणच उरत नाही. (ती कथा स्वतःची पूजा करवून घेणाऱ्या सत्ताधीशाची आहे, हे मात्र वक्ते सोयीस्करपणे विसरतात.) इजिप्तच्या अन्वर सादात यांनी 'श्रद्धावान अध्यक्ष' हे बिरुद मिरविले, १९७१ च्या राज्यघटनेत शरियतीच्या तत्त्वांना कायद्याचा एक प्रमुख आधार मानले गेले. पुढे धर्माचीच भाषा बोलणाऱ्यांनी त्यांना धर्मभ्रष्ट ठरवून ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांची हत्या केली.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ (३) हे कलम धर्माच्या नावे मत मागण्यास भ्रष्टाचार म्हणते. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पार्ल्याचे रमेश प्रभू यांची निवड रद्द ठरविली. त्याच दिवशी मनोहर जोशी यांची मात्र कायम केली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य येईल, हे म्हणणे केवळ आशा होय, मतयाचना नव्हे, असे न्यायालयास वाटले. प्रचारसभेत आशा आणि याचना वेगळ्या करण्याची ही कसोटी आम्हांस पटली नाही. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी मतदाराच्या धर्मालाही कलमाच्या कक्षेत आणले, हे योग्यच झाले.

परंतु कलम कितीही रुंदावले तरी निकाल केव्हा लागतो? प्रभूंची पोटनिवडणूक १९८७ ची. अंतिम निर्णय झाला तेव्हा ती विधानसभा संपून पाच वर्षे उलटली होती. निवडणूक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे हाच कायदा सांगतो. उच्च न्यायालयांनी ती मुदत बंधनकारक मानून त्यासाठी स्वतंत्र न्यायमूर्ती नेमावेत, अशी आमची मागणी आहे.