नाडी न पाहता निदान

अमेरिकेतील साठ वर्षांच्या एका गृहस्थाने आहारातून मीठ वर्ज्य करण्याचे ठरविले. मिठातील क्लोराइडला पर्याय काय, याची चौकशी त्याने चॅटजीपीटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडे केली आणि तीन महिने मिठाच्या जागी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. शेजारी आपल्याला विष घालीत आहे, अशा भ्रमात तो अखेर इस्पितळात पोहोचला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्या डॉक्टरांनी यंत्राला स्वतः विचारून पाहिले. उत्तरात ब्रोमाइड आलेच. ‘हे आपणास कशासाठी हवे?’ ही पृच्छा मात्र आली नाही.

आमच्या मते सारे मर्म या न विचारलेल्या प्रश्नात आहे. गावचा वैद्य काय, शहरातला डॉक्टर काय, आधी विचारतो आणि मग बोलतो. पावसाळ्यात अंग मोडून आलेला रुग्ण समोर बसला की ताप कधीपासून, पुरळ आहे काय, घराशेजारी पाणी साचले आहे काय, हे तो जाणून घेतो. कारण डेंग्यूत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनच्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. भ्रमणध्वनीला ‘अंगदुखीवर कोणती गोळी’ एवढेच विचारणाऱ्याची ही विचारपूस कोण करणार?

गुगलच्या शोधात सर्वांत वर झळकणारा यांत्रिक सारांशही याच माळेतला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी स्निग्ध पदार्थ टाळावेत, असा सल्ला त्याने दिल्याचे ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने जानेवारी २०२६ मध्ये उघडकीस आणले. वजन झपाट्याने घटणाऱ्या त्या रुग्णांना तज्ज्ञ नेमके उलट सांगतात.

आमच्या हातून वृत्त चुकले तर वाचक दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन जाब विचारतो. अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात ती त्यासाठीच. येथे उत्तर ठळक आणि ‘चूक असू शकते’ ही ओळ बारीक! एखाद्या औषधविक्रेत्याने असा व्यवहार केला असता तर त्याचा परवाना राहिला असता काय?

लोक यंत्राकडे केवळ हौसेने वळत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. रांगेत सकाळ घालविलेल्या रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरची किती मिनिटे येतात, हे गोमंतकीयांस सांगावयास नको. प्राथमिक आरोग्य केंद्रांत संध्याकाळी तासभर तरी, लोकांच्या शंका त्यांच्याच भाषेत ऐकून घेणारा एक डॉक्टर सरकारने बसवावा, अशी आमची मागणी आहे.