कोरी वही कुणासाठी?

लग्नाच्या वाढदिवसाला किंवा बढतीनिमित्त कातडी बांधणीची वही भेट देण्याची टूम शहरांतून दिसते. आत जाडसर हातकागद, कडा मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या, गुंडाळायला चामड्याची वादी. वस्तू देखणी, यात शंका नाही. पण इतक्या सुंदर वहीत लिहायचे तरी काय, या संकोचाने ती शोकेसमध्ये जाऊन बसते आणि कोरीच राहते.

आपल्याकडे पक्की वही केली जाई ती मजकूर टिकावा म्हणून. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या नावातच त्याचा धंदा आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, त्या काळात कागद करणारे येथे आले असे सांगतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, साच्यावर पातळ थर उचलायचा, वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा. तेव्हा कुठे त्यावर बोरूची शाई न फुटता सरके.

फारसी हस्तलिखितांना चामड्याची बांधणी असे. मराठी पोथ्या बहुधा रुमालात बांधल्या जात. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर स्वतंत्र समासच लिहिला. वळणदार अक्षरापासून शाई, सुरी, कात्री, मेणकापड, पेटी-कुलपापर्यंत सारे त्यात आहे. समर्थ संप्रदायाची अशी हस्तलिखिते आणि बाडे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून मिळवली. ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आज पाहता येतात. कुणी तरी लिहिले आणि कुणी तरी जपले, म्हणून ती उरली.

आता परभणी जिल्ह्याकडे वळू. हा गंगाखेडच्या जनाबाईंचा जिल्हा. दळता-कांडता सुचलेले तिचे अभंग आपल्यापर्यंत आले. पण याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात, जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांचे काय? भजनी मंडळाजवळ वही असते. आजीच्या ओवीला वही कुठली? पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. मात्र दळणाबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्तही गेले. ज्यांना त्या ओव्या पाठ आहेत, त्या म्हाताऱ्या एकेक करून कमी होत आहेत.

म्हणून वाचकहो, कपाटातली ती महागडी वही बाहेर काढा. नसेल तर शाळकरी शंभरपानी चालेल. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीजवळ, मावशीजवळ बसा. ओवी म्हणतील तशी, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. शुद्ध करायला जाऊ नका. खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख घाला. अक्षर वाकडे आले, पानावर तेलाचा डाग पडला तरी हरकत नाही. चामड्याचे पुठ्ठे मजकुराचे रक्षण करतील. पण मजकूर असला तर!