जमाखर्चात न मांडलेलं युद्ध

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, घोडदळ आणि तलवारी उभ्या राहतात. त्यामुळे एलिझाबेथ जेन हॉवर्ड या इंग्रज लेखिकेची कॅझलेट कुटुंबावरची कादंबरीमाला प्रथम हाती घेतली, तेव्हा शंभर पानं झाली तरी मी मनात विचारत होतो, 'अहो, युद्ध कुठे आहे?' पुस्तकातलं साल १९३७. ससेक्समधल्या आजी-आजोबांच्या घरी सुटीला आलेली नातवंडं, त्यांची जेवणं, अंघोळी, रुसवेफुगवे. तीन मुलगे, सुना, अविवाहित मुलगी, स्वयंपाकघरावर राज्य करणारी स्वयंपाकीण. म्हणजे आपलं एकत्र कुटुंबच की!

मालेचे पहिले चार भाग १९९० ते १९९५ या काळात आले आणि पाचवा २०१३ मध्ये. १९२३ साली जन्मलेल्या हॉवर्ड २०१४ च्या जानेवारीत गेल्या. कॅझलेटांचा व्यवसाय लाकडाचा. लेखिकेच्या वडिलांचाही तोच. त्यांनी इतिहास शोधायला दप्तरखान्यात न जाता तो आधी आपल्या बालपणात शोधला.

आणि मग युद्ध येतं. पण रणांगणावरून नव्हे, मागच्या दारानं. थोरल्या ह्यूनं पहिल्या महायुद्धात एक हात गमावलेला, म्हणून दुसऱ्याची चाहूल त्याला सर्वांत आधी लागते. धाकटा रुपर्ट १९४० मध्ये फ्रान्समध्ये बेपत्ता होतो. मोठी माणसं हळूहळू आशा सोडतात. त्याची मुलगी क्लॅरी मात्र सोडत नाही.

तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे माझी नजर हिशेबाकडे जातेच. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० ला लोणी, साखर, बेकन यांचं रेशनिंग सुरू झालं. ते पुरतं संपायला १९५४ चा जुलै उजाडला. ही नोंद कुठल्याही इतिहासात सापडेल. पण ह्यूची पत्नी सिबिल दुर्धर आजारानं खंगत असते, तिला ते ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं, आणि दोघंही एकमेकांना जपण्यासाठी काही ठाऊक नसल्यासारखं वागत राहतात, ही नोंद कुठल्या खात्यात मांडायची? ती पानं वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात आमच्या दोन खोल्यांच्या घरात हेच चाललं होतं.

तरीही मनात एक सल राहतोच. ससेक्समधल्या त्या टेबलावर लोणी कमी झालं, त्याच युद्धकाळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीनं मेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे हिंदुस्थानचं एक अब्ज पौंडांहून अधिक येणं होतं. कॅझलेटांच्या जगात हे सारं फार फार दूर आहे. सुरुवातीला मला याचा राग आला. पुढे वाटलं, कुठलंही घर आपल्या कुंपणापर्यंतच पाहतं. लेखिकेनं ते प्रामाणिकपणे तेवढंच दाखवलं. कुंपणापलीकडची वही लिहिणं हे काम तिचं नव्हे, आपलं आहे.

आणि ते आपण पुरेसं केलेलं नाही. राजे-सेनापतींवर भरभरून लिहिणाऱ्या आम्हा मराठी कादंबरीकारांना चाळीतला १९४३ चा स्वयंपाक इतिहास वाटलाच नाही. त्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसा. पुढाऱ्यांची भाषणं नका विचारू. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं ते विचारा.

१४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा माझे वडील गिरगावात, शाळकरी पोर होते. खिडकीची तावदानं थरथरली. आजीनं आधी मुलं मोजली, मग चुलीवरचं चहाचं आधण उतरवलं. एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्या चहात साखर पडणार होती की गूळ, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आता ते सांगणारं घरात कुणी नाही.