थेंबाथेंबाने जाणारे तेल

माळव्यात गहू कापून झाला, की शिवारोशिवारी मळणीयंत्रांची घरघर सुरू होते. आमचा ट्रॅक्टर जुना, वडिलांच्या हातचा. गेल्या चैत्रात ऐन मळणीच्या दिवसांत त्याच्या मागच्या पी.टी.ओ. शाफ्टपाशी तेल ठिबकू लागले. मळणीयंत्र फिरते ते याच दांड्यावर. त्याभोवतीचे रबरी ऑईल सील झिजले असावे, असे समजून आम्ही नवे आणून बसविले. चार दिवसांत पुन्हा गळती! दुसरे आणले, तेही गळाले. तेव्हा दुकानदाराला नकली मालाबद्दल चार शब्द सुनावून आलो.

थेंबांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु वाचकहो, पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिक यांना मिळून एकच तेल असते. त्याची पातळी फार उतरली, तर अवजार उचलेनासे होते आणि गिअरचे दातही झिजतात. सीलची किंमत किरकोळ. गिअरची तशी नव्हे.

शेवटी गावातील वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. इंजिन बंद करून, तेल काढून घेऊन त्यांनी शाफ्ट बाहेर ओढला, पुसला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सील दोनदा बदललंत, शाफ्टवरून एकदा नख फिरवून पाहिलंत का?"

नख फिरविले, तो ते एका बारीक चरीत अडकले! मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला रबराच्या ओठात रुतलेल्या धुळीने वर्षानुवर्षे घासून चर पाडली होती. तिच्यावर कितीही नवे सील बसविले, तरी तेलाला वाट मोकळीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा आमचा प्रकार झाला होता.

मिस्त्रींनी शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ केला. सीलचा ओठ चरीवर न येता कोऱ्या भागावर टेकावा, म्हणून नवे सील दोनएक मिलिमीटर अलीकडे बसविले. चर खोल असती, तर पोलादी स्लीव्ह चढवावी लागली असती. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवली, ओठाला तेल लावले आणि शाफ्टच्या खाचांनी तो कापू नये म्हणून त्यांवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. सील ठोकले तेही नळीचा तुकडा ठेवून, चहूबाजूंनी सारखे.

मग त्यांनी हवा बाहेर जाण्याचे लहानसे भोक, म्हणजे ब्रीदर, दाखविले. ते भुसा आणि धूळ यांनी बुजले होते. आतली हवा तापून फुगते. तिला वाट न मिळाली, तर ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. ब्रीदर रॉकेलने धुतला, तेल भरले आणि मळणी सुरू झाली. पुढे महिनाभर जमिनीवर एक डागही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराकडे गेलो आणि क्षमा मागितली. त्याने हसून चहा मागविला. सील गळाले, की नव्या सीलआधी नख घेऊन शाफ्टपाशी जावे, एवढे आम्ही त्या दिवसापासून शिकलो आहोत.