काश्मीर आपल्या पैशांवर जगत नाही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये सहलींची पत्रकं फिरू लागतात. यंदा त्यात एक काश्मीरचंही होतं. सहा रात्री, सात दिवस, श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, सोबत मराठी स्वयंपाकी. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते न वाचताच बाजूला सारलं आणि म्हणाले, "तिकडं कशाला जायचं? आपल्या पैशांवर जगतात आणि आपल्यालाच मारतात."

कुणी काही बोललं नाही. दोघा-तिघांनी मात्र माझ्याकडं पाहिलं. मी चहा संपवला आणि तासाला निघून गेलो. वर्गात आठवीच्या मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज लिहितोय.

कारण मी त्या वाक्यातल्या गावाला जाऊन आलोय. २०२४च्या दिवाळीत आम्ही शिक्षक आणि आमच्या घरचे मिळून अडतीस जण काश्मीरला गेलो होतो. त्यात मुस्लिम घर एकच, आमचं. मी, बेगम आणि दहावीतली मुलगी. सहल छान झाली हे आधीच सांगतो. दिवाळीच्या सुमारास चिनार लालभडक होतात. पांपोरच्या रस्त्यालगत केशराची जांभळी फुलं वेचत बसलेल्या बायका दिसतात. गुलमर्गच्या गोंडोल्यातून अफरवटचं बर्फ पाहताना आमचे गणिताचे सर लहान मुलासारखे ओरडले होते. सोबतची माणसंही चांगली होती. माझी तक्रार त्यांच्या स्वभावाबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या हिशेबाबद्दल आहे.

पहिल्याच रात्री हॉटेलात एक बाई मायेनं म्हणाल्या, "सर, तुम्हाला इथं बरं. भाषा तुमची, लोक तुमचे, जेवण तुमचं."

यातली एकेक गोष्ट तपासू. जेवण माझं? आमच्या घरी ज्वारीची भाकरी, दालचा आणि शेंगाची चटणी. वाजवान म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचलं होतं, ताटात कधी पाहिलं नव्हतं. सकाळी तिथल्या कांदुराकडून आणलेला गिरदा आणि मीठ घातलेला गुलाबी नून चहा समोर आला तेव्हा बेगमनं एक घोट घेतला आणि हळूच कप माझ्याकडं सरकवला. बाकीच्या पस्तीस जणांइतकेच आम्हीही तिथं परके होतो.

भाषा माझी? मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हे जरा ठासून सांगतो. काश्मिरी माणसाची आईची भाषा काश्मिरी. लल्लेश्वरी आणि शेख नूरुद्दीन यांची भाषा. उर्दू तिथं शाळेतून आणि कचेरीतून आली. १८८९ साली डोगरा महाराजा प्रतापसिंह यांच्या राजवटीत फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. म्हणजे ज्या भाषेला माझ्या सहकारी 'तुमची' म्हणत होत्या ती एका हिंदू राजाच्या दरबारानं तिथं नेली. आमचा ड्रायव्हर माझ्याशी उर्दूत बोलायचा, पण फोनवर आईशी बोलायला लागला की एक शब्द कळत नसे.

आणि लोक माझे? त्याच ड्रायव्हरनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "आप घर में भी मराठी बोलते हैं? मुसलमान होकर?" मी हसलो. मिरजेच्या दर्ग्यात गवयांची हजेरी असते, कोकणातल्या मुस्लिम गावांत बायका कोकणीत भांडतात, हे त्याला कुठून माहीत असणार? त्यालाही माझ्याबद्दल तेवढंच माहीत होतं जेवढं आमच्या बाईंना त्याच्याबद्दल. दोघांनीही माझं नाव ऐकून बाकीचं स्वतःच भरून घेतलं होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या पैशांवर जगतात.

सहलीच्या सात दिवसांत आपल्याला जी माणसं भेटतात ती सगळी आपल्याला काहीतरी विकत असतात. शिकारेवाला, घोडेवाला, शालवाला, फेरन घालून फोटो काढून देणारा. म्हणून आपल्याला वाटतं की सगळं खोरं आपल्याच खिशाकडं डोळे लावून बसलंय. पण श्रीनगरहून पहलगामला जाताना हमरस्त्यावर सफरचंदाच्या पेट्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग आमच्या बसनं मागं टाकली होती. बसमध्ये तेव्हा अंताक्षरी चालली होती. देशात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या जम्मू-काश्मीरमधून येतात. त्या ट्रकांतला माल वाशीच्या बाजारात येतो आणि तिथून आपल्या फळवाल्याच्या गाडीवर. पर्यटन तिथल्या कमाईचा एक भाग आहे. बागा, केशर, अक्रोड, गालिचे, सरकारी नोकऱ्या, शेती हेही आहे. हापूस विकणाऱ्या रत्नागिरीकराला आपण 'आमच्या पैशांवर जगतो' म्हणतो का? त्यानं आंबा दिला, आपण पैसे दिले, हिशेब मिटला. मग घोडेवाल्यानं पाच किलोमीटर चिखलातून आपल्याला वर नेलं आणि आपण भाडं दिलं, तर तो उपकार कसा झाला?

पहलगामला दर लिहिलेला बोर्ड असतो. तरी आमच्यातल्या एकांनी दोनशे रुपयांसाठी पाऊण तास घातला. पगारदार माणूस! शेवटी घोडेवाल्यानं मान हलवली. सर घोड्यावर बसले आणि तो लगाम धरून पायी निघाला. वर पोचल्यावर सरांनी सगळ्यांना सांगितलं, "बघा, उतरवलं की नाही!" मीही हसलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो होतो.

ते 'वर' म्हणजे बैसरन.

पहलगामहून तिथं गाडी जात नाही, पायी किंवा घोड्यावरूनच जावं लागतं. माझी मुलगी घोड्यावर घाबरली होती. तिचा घोडेवाला, पंचविशीतला मुलगा असेल, सबंध चढ तिची रिकीब हातानं धरून चालला. वर गेल्यावर हिरवळीवर बसून तिनं त्याला डब्यातली शंकरपाळी दिली. निघताना त्यानं माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर टाकून दिला. पुढच्या वेळी थेट मलाच फोन करा, म्हणाला.

२२ एप्रिल २०२५ला त्याच हिरवळीवर २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. नाव-धर्म विचारून पुरुषांना बायकामुलांसमोर गोळ्या घातल्या. हे करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात 'पण', 'तरी' असला कुठलाही शब्द नाही. इस्लामचं नाव घेऊन निःशस्त्र पाहुण्याला मारणारा माझ्या दीनचा कोणी लागत नाही. हे मी कुणी विचारलं म्हणून सांगत नाही. टीव्हीसमोर बसून माझी मुलगी रडत होती आणि मला तिला उत्तर द्यायचं होतं.

तिनं एकच विचारलं, "अब्बा, आपला घोडेवाला?"

फोन तिसऱ्या दिवशी लागला. त्या दिवशी त्याचा घोडा आजारी होता, म्हणून तो घरी राहिला होता. मी नाव सांगितलं, महाराष्ट्र म्हटलं, तेव्हा त्याला आठवलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, हमें माफ कर दीजिए."

त्यानं काय केलं होतं? काही नाही. तरी माफी मागत होता. ती माफी माझ्या ओळखीची होती. मुंबईत, पुण्यात, कुठंही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरताना माझ्याही चेहऱ्यावर तीच असते. न केलेल्या गुन्ह्याबद्दल मान खाली घालायची सवय काय असते, हे मला हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या एका घोडेवाल्याच्या आवाजात ऐकू आलं. 'लोक तुमचे' म्हणणाऱ्या बाईंना मी आता सांगेन, बाई, भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण एवढ्या एका बाबतीत तुम्ही बरोबर होतात.

आणि काश्मीर त्या दिवशी गप्प बसलं का? मेलेल्या २६ जणांत एक सय्यद आदिल हुसैन शाह होता, स्थानिक घोडेवाला, मुसलमान. पर्यटकांना वाचवताना गेला. दुसऱ्या दिवशी सगळं खोरं या हत्याकांडाच्या निषेधात बंद राहिलं, मशिदींतून निषेध झाला, तिथल्या वृत्तपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. आमच्याच सहलीच्या आठवडाभर आधी, २० ऑक्टोबर २०२४ला, सोनमर्गच्या वाटेवर गगनगीरला बोगद्याच्या कामावरच्या सात जणांना मारलं होतं. बाहेरून आलेले मजूर होते आणि बडगामचा एक काश्मिरी मुस्लिम डॉक्टर होता. गोळी झाडणाऱ्यानं तिथं कोण आपलं, कोण परकं हे असं ठरवलं. आपण ते आडनावावरून ठरवतो.

कुणी म्हणेल, सर, जीव आधी, पर्यटन नंतर. मान्य. लहान मुलं घेऊन जायला भीती वाटते त्याला मी भित्रा म्हणणार नाही. हल्ल्यानंतर सरकारनंच ८७पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती. सुरक्षेत चूक कुठं झाली हे विचारायचा हक्क त्या २६ घरांना आहे, आपल्यालाही आहे. भीतीनं न जाणं वेगळं. पण शिक्षा म्हणून न जाणं, 'त्यांना धडा शिकवू' म्हणून न जाणं, याचा हिशेब मला कुणीतरी मांडून दाखवावा. बंदूकवाल्याची चूल आपल्या तिकिटावर पेटत नाही. पेटते ती रिकीब धरणाऱ्याची. त्याच्या घोड्याला काम असो नसो, चारा रोज लागतो. गुन्हा एकाचा आणि दंड अख्ख्या गावाला, हा न्याय वर्गात एखाद्या शिक्षकानं लावला तर पालक शाळेत येऊन जाब विचारतील.

तितकंच कडवट मला आपल्या लोकांनाही सांगायचंय. आपल्यात काश्मीर म्हटलं की दोन प्रकारची माणसं. एक जन्नतवाली, ज्यांना नुसतं बर्फ दिसतं. दुसरी 'आपले मुसलमान भाई'वाली, ज्यांना तिथल्या मुसलमानाचं दुःख पाठ असतं, पण १९९०मध्ये घरंदारं सोडून निघालेल्या पंडितांचं नाव काढलं की विषय बदलतात. श्रीनगरला मी एका संध्याकाळी गटाची परवानगी काढून हब्बा कदलकडं गेलो होतो. झेलमच्या काठी पंडितांची जुनी घरं अजून उभी आहेत. काहींच्या खिडक्या नाहीत, काहींची छपरं बसलीत. त्या घरांसमोर उभं राहून कुठल्याही एका बाजूचं भाषण तोंडातून निघत नाही. घोडेवाल्यासाठी न्याय मागताना मी त्या घरांकडं पाठ केली, तर माझ्या सहकाऱ्याच्या आणि माझ्या हिशेबात फरक काय राहिला?

आणि आपण फिरतो कुठं? अजमेर, हाजी मलंग, ऐपत झाली तर उमरा. सवाब मिळतो ते ठीक. पण जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितलंय, आणि आपण मुलीला शाळेच्या सहलीलाही पाठवत नाही. 'फिजूलखर्ची' म्हणतो आणि मग लग्नात मंडपावर लाख रुपये उडवतो. आपण घराबाहेर पडलो नाही, तर आपल्याबद्दल कोण काय समजतं, हे कुणी कुणाला भेटून तपासणार?

गटसहलीनं माणसं भेटत नाहीत हीच तिची मोठी उणीव. सात दिवसांत आम्ही तीन मुघल बागा पाहिल्या, एक शाळा पाहिली नाही. बेताब व्हॅलीत कुठला पिक्चर झाला हे गाइडनं दोनदा सांगितलं, चौदाव्या शतकातल्या जामा मशिदीचे देवदाराचे खांब कार्यक्रमात नव्हते, आठव्या शतकातलं मार्तंडाचं सूर्यमंदिरही नव्हतं. आमच्या सांगलीकडचे गलाई कारागीर सोनं गाळण्याच्या धंद्यात श्रीनगरला राहतात, गणपतीही बसवतात, हे मला परत आल्यावर कळलं. अडतीस मराठी माणसं तिथं जाऊन पोहे खाऊन आली आणि तिथल्या मराठी माणसाला भेटली नाहीत!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जायचं असेल तर जा, नसेल तर नका जाऊ. पण जाऊन उपकार करू नका आणि न जाऊन शिक्षा देऊ नका. गेलात तर बोर्डावरचा दर द्या. एक अर्धा दिवस कार्यक्रमातून मागून घ्या आणि ज्याला काही विकायचं नाही अशा एका तरी माणसाशी बोला.

परवा ते पत्रक मी स्टाफरूमच्या कोपऱ्यातून उचलून बॅगेत ठेवलं. सहकाऱ्यांना उद्या हे सगळं तोंडी सांगणार आहे, कारण ते माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांनी फक्त कधी फोन लावलेला नाही. घोडेवाल्याचा नंबर माझ्याकडं आहे. त्यांना हवा असेल तर देईन.